नऊ नंबरची डावी खिडकी

माझ्या पाठीमागे कितीतरी वर्षं एक पत्र उभं होतं. भिंत आणि मी यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट आहे, त्या फटीत. पत्राला उत्तर गेलं नव्हतं. भिंतीला रंग द्यायच्या वेळी मला खाली उतरवत, तेव्हा घरातले म्हातारे गृहस्थ ते पत्र आपल्या उशीखाली ठेवत आणि रंग वाळला की पुन्हा माझ्या पाठीमागे सरकवत. उघडून वाचत नसत. वाचायची गरजच नव्हती, त्यांना ते पाठ होतं.

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. फळी म्हटलं की तुम्हाला स्वयंपाकघरातली डबे ठेवायची फळी आठवेल. मी तशी नाही. मी विमानतळावरची जागांची फळी आहे. विमानात कोणी कुठे बसायचं, हे एके काळी माझ्याकडे बघून ठरत असे. हे सांगताना मला जरा संकोच वाटतो, कारण मी स्वतः एकदाही उडालेले नाही. तेव्हा माझ्या सांगण्यावर किती विश्वास ठेवायचा, ते तुम्ही शेवटी ठरवा.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात झाला. चांगलं जुनं लाकूड होतं. कोणाच्या तरी दाराची चौकट व्हायची ती मी फळी झाले. सुताराने मला रंधा मारला, कडा गोल केल्या आणि एका पेंटरच्या ताब्यात दिलं. त्या पेंटरने विमान कधी जवळून पाहिलेलं नव्हतं. विमान कंपनीच्या साहेबांनी त्याला एक कागद दिला होता. त्यावर जागांच्या ओळी होत्या, मधली वाट होती, शौचालय होतं. बाकीचं त्याने मनाने रंगवलं. माझ्या वरच्या टोकाला त्याने विमानाचं नाक काढलं, ते माशाच्या तोंडासारखं झालं. रांगेत उभी असलेली लहान मुलं माझ्याकडे बघून आईला विचारत, की आपण माशातून जाणार का.

प्रत्येक ओळीत चार खिळे होते. दोन डावीकडे, दोन उजवीकडे, मध्ये करड्या रंगाची वाट. प्रत्येक खिळ्यावर पत्र्याची एक गोल चकती, तिच्यावर जागेचा नंबर. प्रवासी आला की काउंटरवरचा माणूस चकती काढून त्याच्या हातात देई. विमानात शिरताना ती दारातल्या बाईला परत द्यायची. सगळे बसले की चकत्यांची पिशवी माझ्याकडे परत येई. खिळा रिकामा झाला म्हणजे कोणीतरी निघालं. माझ्या अंगावर जितके खिळे रिकामे, तितकी मी खूश असे.

त्या पेंटरने आणखी एक गोष्ट केली. कडेच्या प्रत्येक जागेशेजारी त्याने एक निळा चौकोन काढला. खिडकी. कागदावर खिडक्या नव्हत्या, पण कडेला जागा आहे म्हणजे खिडकी असणारच, असं त्याला वाटलं. कोणालाही तसंच वाटलं असतं. सगळ्या ओळींना सारख्या खिडक्या आल्यामुळे मी दिसायलाही छान दिसत होते. साहेब म्हणाले, "वा, झकास." माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक.

आमचा विमानतळ लहान होता. एक पत्र्याची शेड, एक वजनाचा काटा, दोन बाकं आणि चहाची टपरी. काउंटरवर एक तरुण गृहस्थ बसत. जाड भिंगाचा चष्मा, हळू आवाज. काउंटरखाली नेहमी एखादं पुस्तक उघडं पालथं घातलेलं असे. दोन प्रवाशांच्या मधल्या वेळात ते पान-दीड पान वाचून घेत. सामान चढवणाऱ्या पैलवानाने त्यांचं नाव ग्रंथपाल ठेवलं आणि ते चिकटलं. पुढे साहेबसुद्धा चुकून ग्रंथपाल म्हणू लागले. ते रागावले नाहीत. मला वाटतं, त्यांना ते मनातून आवडलं होतं.

पैलवान त्यांची चेष्टा करी. "ग्रंथपाल, तुमच्या पुस्तकात लिहिलंय का, ही ट्रंक कोणी उचलायची?" ग्रंथपाल उठत आणि ट्रंकेचं दुसरं टोक धरत. चेष्टेला उत्तर देणं त्यांना कधी जमलं नाही. उत्तर सुचे, पण संध्याकाळी, घरी जाताना.

आता जागांविषयी सांगते, कारण ते मला ठाऊक आहे. पूर्ण भाड्याचं तिकीट असलेल्यांना पुढच्या जागा. सवलतीचं, म्हणजे अगदी स्वस्तातलं तिकीट असलेल्यांना मागच्या. मध्ये विमानाचा पंख येतो. पंखाच्या ओळीतून खाली बघायला गेलं की नुसतं पत्र्याचं मैदान दिसतं. सगळ्यात मागे शौचालयाचं दार आणि मोटरीची घरघर. तेव्हा स्वस्त भागात चांगली जागा कोणती, तर पंख संपल्यावरची पहिली ओळ. ती होती नऊ नंबरची. आणि आमचं विमान उडालं की डावीकडे वळून गावावरून जायचं, म्हणून नऊ नंबरची डावी खिडकी सगळ्यांत उत्तम. हे ग्रंथपालांनी माझ्याकडे बघून बघून शोधून काढलं होतं.

त्यांची एक पद्धत होती. सकाळी शेड उघडली की ते नऊ नंबरची डावी चकती उलटी टांगत. कोरी बाजू वर. मग ती कोणी मागितली तरी देत नसत. ओरडणाऱ्याला नाही, ओळख सांगणाऱ्याला नाही, साहेबांच्या मेहुण्यालाही नाही. ती चकती स्वस्त तिकिटावर येणाऱ्या अशा माणसासाठी असे, ज्याला तिची खरोखर गरज आहे. गरज कशी ओळखायची, हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. पण मी रोज बघत होते. जो माणूस जागा मागताना कारण सांगे आणि सांगून झाल्यावर ओशाळे, त्याला ते हळूच चकती सुलट करून देत. पाय आखडलेले एक सुतार, पहिल्यांदा नातू बघायला निघालेले एक आजोबा, परीक्षेला निघालेली एक मुलगी. त्यांचे चेहरे उजळत. ग्रंथपालांचे कान लाल होत. मग ते पुन्हा पुस्तकात तोंड घालत.

एक दिवस एक तरुण नर्स आली. लांबच्या एका इस्पितळात तिला नोकरी लागली होती. हातात एक बॅग, एक पिशवी आणि सगळ्यात स्वस्त तिकीट. तिने काउंटरवर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाली, "दादा, मला डावीकडची खिडकी मिळेल का? आमचं घर पाण्याच्या टाकीला लागून आहे. आई गच्चीवर लाल चादर पसरणार आहे. मला वरून दिसावी म्हणून." एवढं बोलून ती ओशाळली. "वेडी आहे आमची आई," असंही म्हणाली.

ग्रंथपालांनी उलटी चकती सुलट केली. त्या दिवशी ते नेहमीपेक्षा जास्त बोलले. म्हणाले, "ही माझ्या फळीवरची सगळ्यात चांगली जागा आहे. पंख मध्ये येणार नाही. टाकी अगदी खाली दिसेल." नर्सने चकती मुठीत घट्ट धरली. ती जाताना मी माझ्या रिकाम्या खिळ्याकडे बघत होते आणि मला फार बरं वाटत होतं.

काही आठवड्यांनी तिचं पत्र आलं. पाकिटावर लिहिलं होतं, 'काउंटरवरचे चष्मेवाले दादा, विमानतळ'. ग्रंथपालांनी ते उभ्यानेच वाचलं. मग स्टुलावर बसले. पैलवानाने विचारलं, "काय हो, प्रेमपत्र आहे का?" त्यांनी पत्राची घडी करून ते खिशात ठेवलं.

पत्रात तक्रार नव्हती. तीच तर पंचाईत होती. नर्सने फार सभ्यपणे लिहिलं होतं, की नऊ नंबरच्या डाव्या जागेला खिडकीच नाही. तिथे थंड हवेचा नळ भिंतीच्या आतून जातो, म्हणून नुसती सपाट भिंत आहे. उडाल्यावर जागा बदलायला उठू देईनात, आणि उठू दिलं तोवर गाव मागे पडलं. 'पण आई दर वेळी फोनवर विचारते, चादर दिसली का,' तिने लिहिलं होतं. 'मी हो म्हणाले आहे. लाल चादर फार छान दिसली म्हणाले. आता ती विचारते, कशी दिसली, किती मोठी दिसली, बाजूला काय होतं. मला सुचत नाही. दादा, तुम्ही तिथेच काम करता. तुम्ही वरून आमचं गाव पाहिलं असेल. टाकीपाशी काय दिसतं, चादर असती तर दिसली असती का, एवढं मला लिहून कळवा. म्हणजे आईला खरं वाटेल असं सांगता येईल.'

मित्रांनो, ग्रंथपाल स्वतः कधी विमानात बसलेले नव्हते. हे पैलवानाला माहीत नव्हतं, साहेबांना माहीत नव्हतं. फक्त मला माहीत होतं.

त्या दिवशी शेड बंद करण्याआधी त्यांनी कुठूनशी तपकिरी रंगाची डबी आणली आणि माझ्या अंगावरचा नऊ नंबरच्या डावीकडचा निळा चौकोन बुजवला. फार काळजीपूर्वक बुजवला, आजूबाजूला एक थेंब जाऊ दिला नाही. तो डाग अजून माझ्या अंगावर आहे. बाकीच्या खिडक्या फिकट झाल्या, तो मात्र तसाच आहे.

उत्तर लिहायला ते रोज बसत. त्यांनी पुस्तकांतून विमानप्रवासाची वर्णनं शोधली. त्यावरून एक सुंदर पत्र तयार केलं. शेतांचे चौकोन, नदीची दोरी, घरांच्या काड्यापेट्या. ते मला वाचून दाखवल्यासारखं हळू आवाजात वाचलं आणि फाडलं. दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलेलं आपण तिला कसं पाठवायचं? वैमानिकाला विचारता आलं असतं. पण वैमानिकाला विचारायचं म्हणजे आधी कबूल करायला हवं, की इतकी वर्षं दुसऱ्यांना जागा देणारा हा माणूस स्वतः कधी बसलेला नाही.

मग त्यांनी ठरवलं, की आपण स्वतः जाऊन बघून यायचं. कंपनीच्या माणसांना फुकट प्रवासाचा पास मिळत असे, पण एका अटीवर. विमानात जागा रिकामी राहिली तरच. ग्रंथपाल घरून पिशवी भरून आणत. काउंटर बंद व्हायच्या वेळी माझ्यावर एक चकती उरलेली असे. ते तिच्याकडे हात नेत आणि तेवढ्यात कोणीतरी धापा टाकत शेडमध्ये शिरे. कोणाची आई आजारी, कोणाची मुलाखत. ते चकती देऊन टाकत आणि पिशवी उचलून घरी जात. असं अनेकदा झालं. पैलवान म्हणायचा, "ग्रंथपाल, तुम्ही एकदा दार आतून लावून घ्या आणि मग बसा." ते हसत. मला मात्र वाटे, की धापा टाकत येणाऱ्या माणसाची ते थोडी वाटच बघतात. उडायची भीती त्यांनाही होती. मी हे कोणाला सांगितलेलं नाही.

आणि मग एक दिवस आमचं विमानच बंद झालं. कंपनीला परवडेना. लोक बसने मोठ्या शहरात जाऊन तिथल्या विमानात बसू लागले. त्या विमानांखाली आमचं गाव येत नसे. साहेबांची बदली झाली, ग्रंथपालांना गावातल्या तिकीट कचेरीत टेबल मिळालं. मला उतरवून वजनाच्या मोडक्या काट्यामागे टेकवून ठेवलं. माझं तोंड भिंतीकडे होतं. तो काळ मी कसा काढला, ते विचारू नका. जिच्यासमोर रोज माणसं हात पसरून उभी राहायची, तिच्यावर आता कोळ्याने जाळं विणलं. मी चकत्या मोजायचा खेळ खेळत असे, तोही पुढे सोडला.

मला तिथून कोणी आणलं? पैलवानाने. शेडमधलं भंगार विकायला काढलं, तेव्हा त्याने मला हातगाडीवर घातलं आणि थेट ग्रंथपालांच्या दारात उभं केलं. "घ्या तुमची लाडकी," म्हणाला. "मला ह्या माशाची भीती वाटते." त्याचे डोळे ओले होते, पण तो म्हणाला, धूळ गेली.

तेव्हापासून मी या घराच्या पुढच्या खोलीत, पुस्तकांच्या कपाटाशेजारी आहे. पहिल्याच दिवशी ग्रंथपालांनी ते पत्र माझ्या पाठीमागे ठेवलं. माझ्या खिळ्यांना हळूहळू नवी कामं लागली. एकावर घराच्या किल्ल्या, दुसऱ्यावर चष्म्याची दोरी, तिसऱ्यावर भाजीची पिशवी. मुलाचं लग्न झालं, सूनबाई आल्या. त्यांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या कपाळावर आठी आली. "बाबा, ही भिंतीवर ठेवायलाच हवी का?" ग्रंथपाल म्हणाले, "राहू दे. तिला माझी सवय आहे." सूनबाईंनी मग माझ्यावर छत्रीही अडकवली. त्यांच्यात आणि माझ्यात पुढे बरं जमलं.

यंदा सूनबाईंनी साफसफाईला मला उतरवलं, तेव्हा पत्र खाली पडलं. त्यांनी आधी वाचलं आणि मग विचारलं. ग्रंथपाल पेपरमागे लपले. सूनबाईंनी पेपर हळूच खाली केला.

"बाबा, याचं उत्तर?"

"राहिलं."

"किती वर्षं?"

"बरीच."

सूनबाईंनी सगळी हकिकत काढून घेतली. त्या दुपारी त्यांनी पेपरचं पहिलं पान ग्रंथपालांपुढे ठेवलं. आमच्या विमानतळावरून पुन्हा विमान सुरू झालं होतं, एका नव्या, स्वस्तातल्या कंपनीचं. त्या म्हणाल्या, "आता जागा रिकामी राहायची वाट बघू नका. तिकीट काढते. सगळ्यात स्वस्त काढते, त्या नर्सबाईंचं होतं तसं."

ग्रंथपालांनी आधी नाही म्हणायला तोंड उघडलं. मग त्यांनी माझ्या तपकिरी डागाकडे पाहिलं. म्हणाले, "पण चादर कोण पसरणार?"

हा प्रश्न मलाही पडला होता. सूनबाई म्हणाल्या, त्यात काय, टाकीपाशी जाऊन या, घर असेल तर असेल. लाजाळू माणसाला अनोळखी दारावर जाणं म्हणजे केवढं संकट असतं, ते सगळ्यांना कळत नाही. ते दोनदा टाकीपर्यंत जाऊन परत आले. तिसऱ्यांदा त्यांनी कडी वाजवली. त्यांनी परत येऊन सूनबाईंना जे सांगितलं, ते मी माझ्या कानांनी ऐकलं.

दार एका खूप म्हाताऱ्या आजींनी उघडलं. त्या नर्सच्या आई. एकट्याच राहत होत्या. लेक अजून तिकडेच, आता मोठ्या हुद्द्यावर, अधूनमधून येऊन जायची. ग्रंथपालांनी वाटेत ठरवलं होतं, की लेकीचं गुपित फुटू द्यायचं नाही. म्हणून त्यांनी एवढंच विचारलं, की आपण पूर्वी गच्चीवर लाल चादर पसरली होती, तशी पुन्हा एकदा पसराल का? मला वरून बघायची आहे.

आजी हसू लागल्या.

"लाल कुठली? लाल चादर त्या दिवशी ओली होती हो. मी पिवळी पसरली होती."

त्यांनी ग्रंथपालांना आत बसवलं. आजींनी चहा टाकला आणि स्वयंपाकघरातूनच बोलत राहिल्या. पोरगी तिकडून फोनवर म्हणाली, लाल चादर काय सुंदर दिसली. तेव्हाच त्या समजल्या, की हिला काही दिसलेलं नाही. पण ती आपलं मन राखते आहे, तर आपणही तिचं राखावं. हे ऐकल्यावर ग्रंथपालांनीही पत्राचं सगळं सांगून टाकलं.

"मग दर वेळी का विचारायचात?" ग्रंथपालांनी विचारलं.

"ती कशी सांगते ते ऐकायला. दर वेळी चादर मोठी होत गेली. मागच्या खेपेला तर अख्खी गच्ची झाकली होती तिने."

चहा पिताना मात्र आजी गंभीर झाल्या. म्हणाल्या, लेक आता स्वतः पन्नाशीला आली. तिला अजून वाटतं, आपण आईला फसवलं. विषय निघाला की डोळे चुकवते. मी आहे तोवर तिचं ते ओझं उतरायला हवं. पण मी सांगितलं तर तिला लागेल, इतकी वर्षं आई गंमत बघत होती म्हणून. "तुम्ही लिहा," आजी म्हणाल्या. "तिने तुम्हाला विचारलं होतं ना? मग तुम्हीच कळवा. पिवळी होती म्हणावं. पण आधी बघून या. न बघता लिहू नका." लेकीचा सध्याचा पत्ताही त्यांनीच दिला.

असं करून प्रवासाचा दिवस ठरला. आदल्या दिवशी सूनबाईंनी मोबाइलवर बघून सांगितलं, की खिडकी हवी असेल तर जादा भाडं, नाहीतर कंपनी देईल ती जागा. कंपनीने दिली होती शेवटच्या ओळीत, वाटेच्या कडेची, शौचालयाशेजारी. सूनबाई म्हणाल्या, भरून टाकू का जादा? ग्रंथपाल म्हणाले, "नको. तिने मागितली होती, तशी मागून बघतो." मला माहीत आहे, त्यांनी जन्मात स्वतःसाठी कधी काही मागितलं नव्हतं. ते रात्री माझ्यासमोर उभे राहून ओठांतल्या ओठांत वाक्य घोकत होते.

विमानतळावर ते सगळ्यांच्या आधी पोहोचले. शेड जाऊन काचेची इमारत झाली होती. माझ्या जागी एक पडदा होता आणि त्यामागे एक हसरी तरुण मुलगी. ग्रंथपालांनी काउंटरवर दोन्ही हात ठेवले. घोकलेलं वाक्य विसरले. शेवटी सरळ म्हणाले, "मला डावीकडची, पंखाच्या मागची खिडकी हवी आहे. टाकीजवळच्या गच्चीवर एक आजी पिवळी चादर पसरणार आहेत." आणि ओशाळले.

मुलीने पडद्याकडे पाहिलं. म्हणाली, जादा भाड्याच्या जागा आहेत त्या, पण आज विमान रिकामं आहे, काउंटरवरून देता येईल. "ही घ्या आजोबा. नऊ नंबरची डावी. खिडकीची आहे."

ग्रंथपाल हे नंतर घरी सांगत होते, तेव्हा इथवर आल्यावर सूनबाईंनी हातातलं काम थांबवलं आणि माझे खिळेसुद्धा ताठ झाले.

"खिडकीची आहे हे मलाही माहीत होतं," ग्रंथपाल त्या मुलीला म्हणाले. "खिडकी आहे का?"

मुलगी हसली. मग थांबली. तीही त्या जागेवर कधी बसलेली नव्हती. तिने फोन उचलून विमानातल्या बाईला विचारलं. ती बाई उठून बघून आली. नऊ नंबरला खिडकी होती, पण अर्धी पुढच्या खुर्चीच्या पाठीमागे गेलेली, मान मोडून बघावं लागेल. दहा नंबरची पूर्ण होती. मुलीने दहा नंबरची दिली आणि आपल्या समोरच्या कागदावर काहीतरी टिपून ठेवलं. म्हणाली, "बरं झालं विचारलंत. मी रोज सांगते लोकांना, खिडकी आहे म्हणून."

विमान उडालं तेव्हा ग्रंथपालांनी डोळे मिटले होते. डावीकडे वळलं तसे उघडले. आधी काहीच ओळखू येईना. ज्या गावात जन्म गेला, ते गाव कोणा दुसऱ्याचं वाटलं. मग टाकी दिसली, उपड्या ठेवलेल्या पेल्यासारखी. टाकीला लागून एक गच्ची. गच्चीवर पोस्टाच्या तिकिटाएवढा पिवळा तुकडा. आणि तो हलत होता. आजींनी चादर नुसती पसरली नव्हती, त्या एक कोपरा धरून झटकत होत्या.

ग्रंथपालांनी हात उंचावून हलवला. शेजारच्या माणसाने विचारलं, कोण आहे? ते म्हणाले, "ओळखीच्या आहेत."

तिकडून बसने ते घरी आले, तेव्हा दिवे लागले होते. जेवले नाहीत. माझ्याजवळच्या टेबलाशी बसले आणि लिहू लागले. या खेपेला त्यांनी एकही पुस्तक उघडलं नाही. लिहून झाल्यावर सूनबाईंनी वाचून दाखवायला सांगितलं. लहानसंच पत्र होतं.

'ताई, तुमच्या पत्राचं उत्तर द्यायला उशीर झाला. तेव्हा मी विमानात बसलेलो नव्हतो, आणि तसं लिहायची लाज वाटली. आज बसून आलो. टाकीजवळची गच्ची डावीकडून स्पष्ट दिसते. चादर दिसते. ती पोस्टाच्या तिकिटाएवढी दिसते, त्याहून मोठी नाही. तुमची आई म्हणते, त्या दिवशी लाल चादर ओली होती. तिने पिवळी पसरली होती. तिला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तिने आज तीच पुन्हा पसरली. ती तुमच्या फोनची वाट बघते आहे. या खेपेला चादरीचा रंग तुम्हीच तिला विचारा.'

सूनबाईंनी नाक पुसलं आणि स्वयंपाकघरात गेल्या.

मित्रांनो, मी लाकूड आहे, मला शहाणपण सांगायचा अधिकार नाही. पण स्वस्तात चांगली जागा कशी मिळवावी, असं मला कोणी विचारलं, तर मी सांगेन, लवकर जा, कारण सांगून मागा आणि मागताना आवाज चढवू नका. आणि तुम्ही कधी काउंटरच्या या बाजूला आलात, दुसऱ्याला जागा द्यायची तुमच्यावर वेळ आली, तर देण्याआधी तिथे एकदा स्वतः बसून बघा. आमच्यासारख्या जुन्या वस्तूंवर रंगवलेलं सगळंच खरं नसतं. आम्हाला फेकू नका, पण आम्हाला तपासून घ्या.

सकाळी ग्रंथपाल माझ्यापुढे आले. त्यांनी किल्ल्या बाजूला केल्या, छत्री बाजूला केली. नऊ नंबरची डावी चकती अजून खिळ्यावरच होती, उलटी. त्यांनी ती सुलट केली, सदऱ्याने पुसली आणि पत्राबरोबर पाकिटात घातली. मग चप्पल घालून कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीपाशी गेले. खिडकीतून मला ती लाल पेटी दिसते. त्यांनी पाकीट आत सोडलं आणि ते नीट पडलं का, हे बघायला पेटीच्या तोंडाशी कान लावला.

माझा तो खिळा आता रिकामा आहे.